स्वतःच्या छोट्या व्यवसायात यश मोजायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा: सात-आठ वर्षं व्यवसाय चालू आहे, हाताखाली तीन-चार माणसं आहेत, उलाढाल दरवर्षी थोडीफार वाढते, देणी वेळेवर जातात. बाहेरचे लोक यशस्वी म्हणतात, पण स्वतःला तसं वाटत नाही. मग यश नेमकं कशाला म्हणायचं आणि ते मोजायचं कसं?

"समाधान म्हणजेच यश" हे उत्तर खोटं नाही, पण कामाचंही नाही. त्याच्या जोरावर उद्या आलेली मोठी ऑर्डर घ्यायची की सोडायची, दुसरी शाखा काढायची की नाही, हे ठरवता येत नाही. व्याख्या कामाची तेव्हाच, जेव्हा ती कधीकधी "हे करू नकोस" असं सांगते. आणि तसं सांगण्याइतकी ती नेमकी व्हायची असेल तर आधी एक गुंता सोडवावा लागतो.

छोट्या व्यवसायाचा मालक एकाच गल्ल्यातून तीन जणांना पोसत असतो, आणि तिघेही तोच असतो. एक जण रोज काम करतो. त्याला पगार मिळायला हवा. दुसऱ्याने पैसे घातलेत. त्याला परतावा हवा. तिसरा संध्याकाळी घरी जातो. त्याला वेळ, झोप आणि थोडी निश्चिंती हवी. मोठ्या कंपनीत ही तीन वेगळी माणसं असतात आणि प्रत्येक जण आपलं मागून घेतो. इथे तिघांचा हिशेब एकाच वहीत मिसळलेला असतो, म्हणून कोण उपाशी राहतोय ते कळतच नाही. "सगळं ठीक आहे, तरी बरं वाटत नाही" याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की तिघांपैकी एकाला गेली काही वर्षं काहीच मिळालेलं नाही.

म्हणून पहिलं काम हिशेबाचं. एक उदाहरण घेऊ. चलन कुठलंही समजा.

वर्षाची उलाढाल १००. मालाची किंमत ५८, म्हणजे ढोबळ नफा ४२. भाडं, नोकरांचे पगार, वीज, वाहतूक, व्याज मिळून २६. उरले १६. बहुतेक मालक इथे थांबतात आणि "सोळा टक्के सुटतात" म्हणतात. आता पुढे चला. १५ ला घेतलेलं यंत्र पाच वर्षं टिकणार असेल तर दरवर्षी ३ झिजतात. ते या २६ मध्ये धरलेले नसतात, कारण त्यांचं बिल कुणी पाठवत नाही. उरले १३. तुमच्या जागी ४८ तासांच्या आठवड्यासाठी जाणकार माणूस ठेवायचा तर तो वर्षाला १० मागेल. उरले ३. व्यवसायात तुमचे २५ अडकलेत. तेच सुरक्षित ठेवीत ६ टक्क्यांनी १.५ देतील. उरले १.५. अजूनही वाईट नाही. पण तुम्ही ४८ तास काम करत नाही, ६६ तास करता. तेवढ्या तासांना तोच पगारदार १०च्या ऐवजी १३.७५ ला पडला असता. आता हिशेब उणे २.२५ वर येतो.

यातून व्यवसाय वाईट आहे असं निघत नाही. निघतं ते असं की नफा दिसतोय तो तुमच्या जादा अठरा तासांतून आलेला आहे. १३ मधून भांडवलाचे १.५ बाजूला ठेवले तर तुमच्या श्रमाला ११.५ मिळतात, बाजारभावाने १३.७५ मिळायला हवे होते. म्हणजे तासाला सुमारे १६ टक्के कमी. हे माहीत असून कुणी व्यवसाय चालवत असेल तर तो त्याचा निर्णय. माहीत नसताना चालवणं वेगळं.

हा हिशेब करताना चार गोष्टी हमखास सुटतात. जागा स्वतःची असेल तर भाडं शून्य धरलं जातं; ती दुसऱ्याला दिली तर जेवढं येईल तेवढं भाडं धरा. घरातलं कुणी बिनपगारी बसत असेल तर त्याचाही बाजारभावाने पगार धरा. कर्जाच्या हप्त्यातली मुद्दल खर्चात दिसत नाही, पण खात्यातून जाते. "नफा दिसतो, पैसे कुठे गेले" या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे असतं आणि उरलेलं निम्मं उधारीत. चौथी म्हणजे गल्ल्यातून घरासाठी सुटे सुटे काढलेले पैसे. त्यांची नोंद नसेल तर वरचा एकही आकडा खरा धरू नका. आधी तीन महिने स्वतःला ठरावीक तारखेला ठरावीक पगार द्या, तो वेगळ्या खात्यात टाका, आणि बाकी एक पैसाही काढू नका. मग हिशेब करा.

पैशाच्या बाबतीत छोटे मालक तोट्यात असणं यात नवल काही नाही. बार्टन हॅमिल्टन या अर्थतज्ज्ञाने २००० मध्ये अमेरिकेतल्या आकडेवारीवरून दाखवलं होतं की दहा वर्षं स्वतःचा व्यवसाय केलेल्यांची मध्यक कमाई (म्हणजे सगळ्यांना कमाईप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्या माणसाची), त्यांनी तेवढाच काळ नोकरी केली असती तर मिळाली असती त्यापेक्षा सुमारे ३५ टक्के कमी होती. तरी लोक व्यवसायात टिकून राहतात. एरिक हर्स्ट आणि बेंजामिन पग्सली या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्याच नव्या व्यावसायिकांच्या मुलाखतींचा अभ्यास मांडला. त्यात निम्म्याच्या आसपास लोकांनी व्यवसाय सुरू करण्याचं मुख्य कारण पैशाबाहेरचं सांगितलं होतं: स्वतःच स्वतःचा साहेब असणं, वेळ हातात असणं. बहुतेकांना फार मोठं व्हायचंही नव्हतं. याचा अर्थ स्वातंत्र्याची किंमत मोजून ते विकत घेणं हा सर्रास होणारा सौदा आहे. अडचण फक्त एकच. किंमत पैशात मोजली जाते आणि स्वातंत्र्य खरंच मिळालं का ते कुणी तपासत नाही. ६६ तास बांधलेला, सुट्टीवरही फोनला चिकटलेला मालक किंमत देऊन बसलेला असतो, पण माल त्याच्या हाती आलेला नसतो.

तो माल मिळाला का हे तपासायची रीत आहे. दोन आठवडे अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवा. पुढे फक्त तीन खुणा: माझ्याशिवाय होणार नाही असं काम, सांगितलं तर दुसरा करेल असं काम, आणि केलं नाही तरी चाललं असतं असं काम. पहिल्या खुणेची कामं ५० टक्क्यांहून जास्त निघाली तर पुन्हा एकदा तपासा. मालक स्वतःला जरा जास्तच अपरिहार्य समजतात.

त्यानंतर गैरहजेरीची चाचणी. आधी एक दिवस, मग तीन, मग सलग दहा. फोन बंद; फक्त आग, अपघात किंवा पोलिस असं काही असेल तरच एका माणसाने संपर्क करायचा. तुम्ही नसताना अडलेला प्रत्येक प्रश्न कर्मचाऱ्यांनी एका वहीत लिहायचा: तारीख, काय अडलं, त्यांनी काय केलं. दहा दिवसांनी वही उघडली की दिसतं की पन्नास प्रश्न खरे सात-आठच आहेत. सूट किती द्यायची? उधारीवर माल द्यायचा का? हा माल परत घ्यायचा का? पुरवठादार भाव वाढवून मागतोय, ऑर्डर द्यायची का? उद्या कामाला येणार नाही असं कुणी कळवलं, आता काय? यातल्या प्रत्येकाला एका ओळीचं उत्तर लिहून देता येतं: ५ टक्क्यांपर्यंत सूट मला न विचारता द्यायची, ८ पर्यंत वरिष्ठ कर्मचाऱ्याने ठरवायची, त्यापुढे नाही, मागची थकबाकी ४५ दिवसांपेक्षा जुनी असेल तर नवी उधारी नाही, सीलबंद माल १० दिवसांत परत, बाकी बदलून. पुढच्या वेळी वही पातळ होते. कर्मचारी दोन-चार निर्णय चुकवतीलच. चुकीची किंमत महिन्याला तुमच्या एका दिवसाच्या पगाराएवढी होईपर्यंत नियम बदलू नका, नाहीतर सगळे प्रश्न पुन्हा तुमच्याकडे वळतात. सहसा ही व्यवस्था मोडते ती कर्मचाऱ्यांमुळे नाही. मालकच तिसऱ्या दिवशी "सहज" फोन करतो, आणि सगळ्यांना कळतं की नियम नावापुरते आहेत.

आता "पुरे"चा आकडा. याला लोक सगळ्यात जास्त टाळतात, कारण तो लिहिला की महत्त्वाकांक्षा संपली असं वाटतं. तसं काही होत नाही. हर्बर्ट सायमन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९५६ मध्ये मांडलेला विचार साधा आहे: माणसाला सगळ्यात उत्तम पर्याय शोधणं झेपत नाही, म्हणून तो आधी एक पुरेशी पातळी ठरवतो आणि ती गाठणारा पर्याय निवडतो. पातळीच ठरवली नसेल तर शोध कधी संपत नाही. शिवाय आकडा लिहिणं म्हणजे तिथे थांबणं नाही. त्याच्यापुढची कमाई तुम्हाला ऐच्छिक होते आणि तिच्यासाठी काय द्यायचं नाही हे ठरवता येतं.

आकडा असा काढा. गेल्या बारा महिन्यांच्या खाते उताऱ्यावरून घरखर्च बेरीज करा. अंदाजाने धरू नका. अंदाज नेहमी कमी निघतो, कारण वर्षातून एकदा येणारे खर्च आठवत नाहीत. त्यात कर, आयुर्विमा-आरोग्यविमा आणि म्हातारपणासाठीची बचत मिळवा. एकूण बेरजेवर १० टक्के वाढवा. वरच्याच उदाहरणात घरखर्च ८, कर १.५, विमा ०.५, बचत २ धरली तर १२ होतात, वाढवून १३.२. व्यवसाय १३ देतोय. म्हणजे हा मालक काठावर आहे; त्याला उलाढाल दुप्पट करायची गरज नाही, ढोबळ नफ्यात अर्धा टक्का किंवा वाया जाणाऱ्या मालात थोडी घट पुरे. हे कळणं आणि "अजून वाढायला हवं" या धूसर भावनेने पळत राहणं यात फार अंतर आहे.

म्हातारपणाच्या बचतीबद्दल एक वेगळी सूचना. "शेवटी व्यवसाय विकेन" हे नियोजन नव्हे. ग्राहक तुमच्या ओळखीवर येत असतील, भाव तुमच्या डोक्यात असतील आणि कारागीर तुमच्या शब्दावर थांबत असतील, तर विकत घेणाऱ्याला यंत्रं आणि उरलेला माल एवढंच मिळतं आणि तो तेवढ्याचेच पैसे देतो. विल्यम बेंगन या अमेरिकी आर्थिक सल्लागाराने १९९४ मध्ये तिथल्या बाजाराच्या जुन्या आकड्यांवरून दाखवलं की पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवत काढलं तर पुंजी ३० वर्षं पुरते; म्हणजे वार्षिक खर्चाच्या २५ पट पुंजी. तो हिशेब तिथल्या बाजाराचा आहे, महागाई जास्त असेल तिथे ३० ते ३५ पट धरलेलं बरं. ही पुंजी व्यवसायाबाहेर, वेगळ्या खात्यात जमायला हवी.

वाढीबद्दल बोलायलाच हवं, कारण यशाचा गोंधळ सगळ्यात जास्त तिथे होतो. उलाढाल १०० वरून १४० झाली की सगळे अभिनंदन करतात. ग्राहक ६० दिवसांनी पैसे देतात, माल ४५ दिवस पडून असतो, पुरवठादाराला ३० दिवसांत द्यावे लागतात असं धरा. १०० च्या उलाढालीवर उधारीत सुमारे १६.४ अडकतात, मालात ७.२, पुरवठादाराकडून ४.८ सुटतात. निव्वळ १८.८ अडकलेले. उलाढाल ४० टक्के वाढली की आणखी ७.५ लागतात. वाढीव ४० वर ढोबळ नफा १६.८, त्यासाठी जास्तीची जागा, माणसं, वाहन यांना ११ गेले तर हातात ५.८. म्हणजे वाढीच्या पहिल्या वर्षी ५.८ कमावण्यासाठी ७.५ घालावे लागले. फरक कर्जातून येतो, कर्जाला घर तारण राहतं, आणि ज्याला झोप हवी होती तो तिसरा माणूस सगळ्याची किंमत मोजतो. वाढ वाईट नाही. उधारी ६० वरून ४० दिवसांवर आणली तर हीच वाढ स्वतःच्या पैशांतून जवळपास भागते. पण आधी उधारी, मग वाढ. बरेच जण उलटं करतात.

एवढं झाल्यावर व्याख्या लिहायला बसा. एका पानात, पाच-सहा ओळींत. प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारा. ठरलेल्या तारखेला "हो" किंवा "नाही" असं उत्तर देता येईल का? ते निदान अर्धं तरी माझ्या हातात आहे का? या ओळीमुळे मी एखादी गोष्ट नाकारीन का? तिसऱ्याला उत्तर "नाही" असेल तर ती ओळ शोभेची आहे, खोडा. वरच्या उदाहरणातल्या मालकाचं पान साधारण असं दिसेल:

माझा पगार आणि परतावा मिळून वर्षाला १३.२ ते १८. १८ च्या पुढे जाण्यासाठी जास्तीचे तास किंवा नवं तारण नाही.
आठवड्याला ५२ तास; वर्षातून दोनदा सलग दहा दिवस फोन बंद.
चार महिन्यांच्या ठाम खर्चाएवढी (भाडं, पगार, हप्ते असा विक्री झाली नाही तरी होणारा खर्च) रोख बाजूला, कधीही तीन महिन्यांच्या खाली नाही.
कुठलाही एक ग्राहक उलाढालीच्या २५ टक्क्यांहून जास्त नाही.
कर्मचाऱ्यांचा पगार ठरल्या तारखेला, माझ्या पगाराच्या आधी.
हाताने करायचं जे काम मला आवडतं त्याला आठवड्यातून निदान दहा तास.

शेवटची ओळ किरकोळ वाटेल. ती नसते म्हणून अनेक चांगले कारागीर दहा वर्षांत फक्त व्यवस्थापक होऊन बसतात आणि व्यवसाय का नकोसा झाला ते त्यांना समजत नाही. तुमच्या पानावर तिच्या जागी दुसरं काही येईल. मुलांसोबतची संध्याकाळ, शिकवणं, गावासाठी काही काम. पण अशी एक तरी ओळ असू द्या, आणि तिच्यात तास लिहा.

चौथ्या ओळीतला २५ हा आकडा दगडावरची रेघ नाही. एकच ग्राहक ४० टक्के असेल तर कागदावर तुम्ही मालक, पण भाव, मुदत आणि सुट्ट्या तो ठरवतो. तो गेला तर ठाम खर्च किती महिने निघेल, यावरून आपला आकडा ठरवा.

आता मोजमापाचा धोका. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलन धोरणाबद्दल एक निरीक्षण मांडलं, पुढे ते सगळीकडे लागू पडलं: एखादा आकडा लक्ष्य झाला की तो खरं सांगणं सोडतो. तास ५२ वर आणायचे ठरवले की माणूस काम घरी नेतो आणि ते तासांत धरत नाही. रोख शिल्लक वाढवायची ठरवली की पुरवठादाराचे पैसे लांबवतो. शिल्लक फुगते, पत जाते. उधारीचे दिवस कमी करायचे म्हणून चांगलं गिऱ्हाईक तोडतो. यावर इलाज म्हणजे प्रत्येक आकड्याला एक उलटा साक्षीदार द्यायचा. तासांसोबत रात्री आठनंतर केलेले कामाचे फोन मोजा. रोख शिल्लकीसोबत पुरवठादारांची मुदत उलटलेली देणी. उधारीच्या दिवसांसोबत जुन्या ग्राहकांपैकी किती जणांनी या तिमाहीत पुन्हा खरेदी केली. आणि तासांच्या आकड्याबाबत घरच्यांना विचारा, स्वतःला नको.

भागीदार असेल तर दोघांनी आपापलं पान वेगळं लिहावं, एकमेकांना न दाखवता, आणि मग अदलाबदल करावी. एकत्र बसून लिहिलं तर जो जास्त बोलतो त्याचं पान तयार होतं. मतभेद जवळजवळ नेहमी तीनच जागी सापडतात: वर्षाला पैसे किती काढायचे, किती मोठं व्हायचं, आणि किती वर्षं करायचं. पहिल्या दोन्हींत तडजोड निघते. तिसऱ्यात एक जण "पाच" आणि दुसरा "मरेपर्यंत" लिहितो तेव्हा वाटणीचा करार, हिस्सा कोणत्या सूत्राने मोजायचा आणि किती हप्त्यांत द्यायचा हे तेव्हाच लिहून ठेवा, संबंध चांगले असताना. जोडीदार व्यवसायात नसला तरी त्याला किंवा तिला पान दाखवा. तास आणि तारण या दोन ओळींवर त्यांची सही असलेली बरी.

पान वर्षातून एकदाच बदलायचं. तिमाहीला फक्त तपासायचं: दीड तास, कामाच्या जागेबाहेर, मागचे तीन महिने समोर. हंगामाच्या ऐन गर्दीत किंवा मोठा ग्राहक गेल्याच्या आठवड्यात व्याख्या बदलू नका. गर्दीत माणूस आकडे वाढवतो, फटका बसल्यावर स्वप्नं लहान करतो. लक्ष्य वाढवायचं तर सलग दोन तपासण्यांत जुनं गाठलेलं असायला हवं, आणि वाढवताना दुसरी कुठली ओळ कमी होणार ते त्याच दिवशी लिहायचं. हा नियम नसेल तर गाठलेलं प्रत्येक यश दुसऱ्या दिवशी किमान पातळी होऊन बसतं. दुसऱ्याच्या व्यवसायाशी तुलना करायची खोड सुटत नसेल तर एवढंच लक्षात ठेवा की तुम्हाला त्याची पाटी, जागा आणि गर्दी दिसते. हप्ता, तारण आणि थकलेली बिलं दिसत नाहीत.

पहिली दोन-तीन वर्षं चालू असतील तर वरचं बरंचसं लागू नाही. तेव्हा यश म्हणजे ग्राहक पुन्हा येतो का, प्रत्येक विक्रीत ढोबळ नफा सुटतो का, आणि रोख किती महिने पुरेल. त्या काळात मात्र दोन मर्यादा आधी लिहून ठेवाव्या लागतात: जास्तीत जास्त किती पैसे घालणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. पैसे गेल्यानंतर मर्यादा ठरवता येत नाही, कारण गेलेले परत मिळवायच्या नादात माणूस आणखी घालतो.

जुन्या व्यवसायालाही थांबण्याची रेघ हवी. उदाहरणार्थ: सलग चार तिमाही माझा पगार ठरल्याच्या ७० टक्क्यांखाली, किंवा रोख दोन महिन्यांच्या खाली जाऊन सहा महिन्यांत परत न येणं, किंवा पगार द्यायला वैयक्तिक कर्ज काढावं लागणं. यातलं एक घडलं तर सल्लागारासोबत बसायचं, दोन घडली तर बंद करण्याचं किंवा विकण्याचं वेळापत्रक करायचं. बंद करणं म्हणजे हरणं असं आपोआप ठरत नाही. अमेरिकेच्या आकडेवारीत नवीन व्यवसायांपैकी निम्मे पाच वर्षांच्या आत बंद झालेले दिसतात. पण ब्रायन हेड या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने २००३ मध्ये अशा बंद झालेल्यांची पाहणी तपासली तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश मालकांनी सांगितलं की बंद करताना व्यवसाय यशस्वी होता. कुणी निवृत्त झालेलं असू शकतं, कुणी विकून मोकळं झालेलं.

राहिला शेवटचा प्रकार: पानावरच्या सगळ्या ओळींना "हो" आहे आणि तरी सकाळी जावंसं वाटत नाही. तेव्हा दोष मोजमापाचा नसतो, काम शिकून संपलेलं असतं. इथे तीन वाटा आहेत. रोजचं काम पगारी व्यवस्थापकाकडे द्यायचं. त्यासाठी वरच्या हिशेबातला १० चा पगार व्यवसायाला खरोखर झेपतो का ते आधी सहा महिने तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाकून पाहायचं. किंवा व्यवसायात एकच नवीन गोष्ट सुरू करायची, वार्षिक नफ्याच्या १० टक्क्यांपर्यंत खर्चाची आणि बारा महिन्यांच्या मुदतीची. किंवा विकायचं. विकायचं असेल तर तयारी दोन-तीन वर्षं आधी लागते: तीन वर्षांचे स्वच्छ हिशेब, घरखर्च व्यवसायातून पूर्ण वेगळा, पुरवठादार आणि मोठ्या ग्राहकांचे करार व्यवसायाच्या नावावर, जागेचा करार हस्तांतरित करता येईल असा, आणि ती वही, जिच्यात तुम्ही नसताना काय करायचं ते लिहिलेलं आहे. घेणारा आधी हिशेब मागतो, आणि लगेच विचारतो की तुम्ही गेल्यावर इथे कोण काय करतो.